डिजिटलनं मारलेली हिरोईन

"काका, एवढं सोडून कुठंही हात लावा," देवस्थळी साहेब म्हणाले, आणि आमच्या ह्यांनी हात मागं घेतला.

आता ज्या केबिनमध्ये माणसानं एकतीस वर्षं काढली, तिथं 'एवढं' सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं. जुनी दोन्ही मशिनं भिंतीकडं तोंड करून उभी केली होती, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखी. मधोमध टेबलावर एक काळी पेटी आणि तिच्यावर मिचमिचणारा हिरवा दिवा. साहेब कंपनीचे, चाळिशीचे, उकाड्यातही टाय न सोडणारे. त्यांनी समजावलं की रीळ गेलं, कार्बनच्या कांड्या गेल्या, मध्येच पट्टी तुटणं गेलं आणि तुटल्यावरच्या शिट्ट्याही गेल्या. सिनेमा आता आभाळातून येणार, गच्चीवरच्या थाळीत पडणार आणि वायरीतून पेटीत उतरणार.

मी जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होते. मी म्हटलं, आभाळातून आजवर आमच्या गावात पाऊस आणि टोळ एवढंच आलंय. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मीही एक टोळच.

ही गोष्ट दोन हजार दहा सालची. आमचं गाव कोल्हापूरच्या खाली, घाटाच्या अलीकडं. गावात एकच टॉकीज, मीनाक्षी. मालक आण्णासाहेब शिंत्रे, ऑपरेटर आमचे हे, केरबा, आणि बायकांच्या दरवाजावर तिकिटं फाडायला मी. गाव मला अक्का म्हणायचं. शुक्रवारचा तीनचा खेळ फक्त बायकांचा असायचा, आणि आसपासच्या बारा वाड्यांतून बायका अशा यायच्या की त्या दिवशी वाड्यांमध्ये भांडायला पुरुषांना पुरुषच उरायचे.

सोमवारीच आण्णासाहेबांनी ह्यांना सांगून टाकलं होतं. शुक्रवारी नव्या मशिनचं उद्घाटन, शनिवारपासून केरबा घरी. बटण काय, तिकीटवालाही दाबेल. वर शाल आणि नारळ देतो म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. देवाला नारळ देतात तो त्यानं राहावं म्हणून, आणि माणसाला देतात तो त्यानं जावं म्हणून. नारळाला बिचाऱ्याला काय कळणार.

ह्यांनी जेवण सोडलं नाही, पण काय जेवतोय ते कळेनासं झालं. मंगळवारी मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. हे म्हणाले, छान झालीय. लग्न झाल्यापासून माझी एक आमटी ह्या माणसाला पसंत पडली नव्हती.

माझी स्वतःचीही काळजी होतीच, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षं हा माणूस वीतभर भोकातून एका पांढऱ्या पडद्याकडं बघत बसलेला. आता घरी बसला की माझ्याकडं बघणार. गॅस किती मोठा, नळ किती वेळ चालू, शेजारीण किती वेळ बसली. ही शिक्षा सरकारनं अजून कायद्यात कशी घातली नाही कोण जाणे.

पण खरं संकट वेगळंच होतं. उद्घाटनाला कोणता सिनेमा, तर आण्णासाहेबांनी त्र्याऐंशी सालचा तो कौटुंबिक मागवला. नाव सांगत नाही, नाव घेतलं तरी पदर ओला होतो. आमच्याकडं तो वीस आठवडे चालला होता आणि पुढं दरवर्षी जत्रेला यायचा. कंपनीनं म्हणे त्याला धुऊन पुसून डिजिटल केला होता. सिनेमात एक सून. सासू तिला छळते. नवऱ्याला आवाज आहे, पण आईसमोर फुटत नाही. शेवटी सून पत्र्याची ट्रंक उचलते, एसटीत बसते, एसटी धूळ उडवत वळणाआड जाते. समाप्त. बायका डोळे पुसत बाहेर यायच्या, पण मान ताठ. आणि गंमत म्हणजे घरी जाताना सासवा दोन पावलं मागं चालायच्या. मी दारातून रोज बघायचे.

आता तो सिनेमा काढणारे लोक गेले, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या सिनेमात पुढं अजून अकरा मिनिटं होती.

उरलेल्या महाराष्ट्रात ती सून पुढच्याच थांब्यावर उतरते. पळत घरी येते. घराला आग लागलेली, ती सासूला पाठीवर घेऊन बाहेर काढते आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून मरते. सासू म्हणते, पोर सवाष्ण गेली, सोनं झालं. आमच्या गावात मात्र ती सत्तावीस वर्षं एसटीतच होती. ती अकरा मिनिटं ह्यांच्या स्टुलाखाली एका गोल डब्यात असायची. प्रिंट परत पाठवायच्या आधी हे तुकडा जोडून द्यायचे, आणि पुढच्या जत्रेला नवीन प्रिंट आली की पुन्हा काढून ठेवायचे.

का, म्हणाल तर सहाची एसटी. वाड्यांकडं जाणारी शेवटची गाडी सहाला सुटायची आणि सिनेमा सहा वाजून सात मिनिटांनी संपायचा. बायकांची गाडी चुकू नये म्हणून ह्यांनी तो तुकडा काढला. विचारणाऱ्याला मी हेच सांगत आले. मालकांना पत्ताच नव्हता. आण्णासाहेब स्वतःच्या राखीव खुर्चीत बसायचे आणि पहिल्या गाण्याला घोरायला लागायचे. ते घोरणं इतकं तालात असायचं की काही गाणी त्याच्यामुळंच चालली.

सोमवारी सिनेमाचं नाव ऐकून हे पांढरेफटक पडले. देवस्थळी साहेबांना ह्यांनी हळूच विचारलं, की यातला एखादा तुकडा वगळता येतो का. साहेब हसले. म्हणाले, केसाइतकाही नाही, सगळं कुलपात असतं आणि किल्ली मुंबईहून येते.

म्हणजे शुक्रवारी तीनशे बायकांसमोर सगळं उघडं पडणार. मग शाल नाही, नारळ नाही. एकतीस वर्षं नेकीनं काम केलेला माणूस सत्तावीस वर्षांचा चोर म्हणून केबिनच्या पायऱ्या उतरणार.

शुक्रवार उजाडला. उद्घाटनाला नगराध्यक्षा कलावतीबाई हळदकर. ह्या बाईंची कथा गावातल्या पोरासोरांना पाठ. त्र्याऐंशी साली त्या याच गावात नव्या सून होत्या, पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी. एक दिवस हा सिनेमा बघितला, घरी जाऊन ट्रंक भरली आणि नेसरीच्या एसटीत बसून माहेर गाठलं. शिवण शिकल्या, परीक्षा दिल्या, बालवाडी चालवली, आणि पंधरा वर्षांनी माहेरच्या आडनावानं याच गावात परत येऊन निवडणूक जिंकल्या. तो गिरणीवाला नवरा अजून आहे. त्याच्या गिरणीच्या परवान्यावर आता बाईंची सही लागते. बाई सही करतात, पण तीन फेऱ्या मारायला लावून.

फीत कापून बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ह्या सिनेमातली ती एसटीत बसली म्हणून मी बसले, नाहीतर मी आज इथं नसते. तीनशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांना केबिनमध्ये मज्जाव होता, म्हणून माझ्या दरवाजाशी माझ्याच स्टुलावर बसले होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा समोरून बघायला मिळणार होता, आणि हाताचं काय करायचं ते ह्यांना सुचत नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. खोटं बोलत नाही, चित्र लख्ख होतं. इतकं लख्ख की सासूची मिशी दिसली. नवऱ्याचा टोप कुठं संपतो आणि कपाळ कुठं सुरू होतं तेही दिसलं, आणि इतकी वर्षं त्याच्यासाठी झुरणाऱ्या दोन-चार बायका जागच्या जागी बऱ्या झाल्या.

मग तो प्रसंग आला. सुनेनं ट्रंक उचलली. इकडं सवयीनं बायकांनी पिशव्या उचलल्या, पायानं चपला चाचपल्या. मीही सवयीनं दाराची कडी काढली. एसटी सुटली, धूळ उडाली, एसटी वळणाआड गेली. पहिल्या दोन रांगा दारापर्यंत आल्या.

आणि पडद्यावर एसटी थांबली.

ती उतरली. ट्रंक टाकून उलटी पळत सुटली. तीनशे बायका पिशव्या काखेत धरून उभ्या. पुढं आग, पाठीवर सासू, नवऱ्याचे पाय, सवाष्ण, सोनं. बायका उभ्याच्या उभ्या. समाप्त आलं तरी दिवे कुणी लावेना, कारण दिवे लावायचं काम ह्यांचं होतं.

दूधवाली बाळाक्का पहिली बोलली. तिला एवढंच कळेना की ही भवानी परत कशाला आली. मग जो गलका उठला, तो ऐकून गच्चीवरच्या थाळीतले कावळे घाट उतरून गेले. कुणी म्हणे मशिन बिघडलं. कुणी म्हणे आभाळातून येताना दोन सिनेमे एकमेकांत मिसळले. मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, "हे डिजिटल सासूच्या बाजूचं आहे," आणि ते सगळ्यांना पटलं.

देवस्थळी साहेब टाय सारखा करत पडद्यासमोर आले. त्यांनी शांतपणे समजावलं की हाच सिनेमा खरा. मशिन आपल्या मनानं काही घालत नाही आणि काढत नाही. तुम्ही आजवर जो बघितलात तो अपुरा असणार. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, तिनं पहिल्या आठवड्यात बघितला होता तेव्हा पोरगी मेलीच होती. शेजारणीनं तिला खाली बसवलं. पण साहेबांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

"मग पुढं कुणी कापला?" साहेबांनी विचारलं, आणि त्यांची नजर फिरत फिरत आमच्या दरवाजावर आली.

आगीच्या आवाजानं आण्णासाहेब जागे झाले होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेवट बघितला होता आणि तोही भलताच. त्यांनी हाक मारली, "केरबा, काय ते खरं सांग."

हे स्टुलावरून उठले. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हा ह्याचा एकच दुर्गुण, पण मोठा. मी पायावर पाय दिला. तरी ह्यांनी तोंड उघडलंच. "मालक, ते असं झालं..."

"थांबा जरा," पहिल्या रांगेतून आवाज आला. कलावतीबाई उठल्या होत्या. त्या देवस्थळी साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी हा सिनेमा याच टॉकीजमध्ये बघितलाय. ती एसटीत बसते आणि जाते. परत येत नाही. तुमच्या मशिनमध्ये दोष आहे."

"मॅडम, मशिन चुकत नाही."

"मग तीनशे बायका चुकतात असं लिहून द्या. खाली सही करा, शिक्का मारा. मी नगरपालिकेच्या दारावर लावते."

साहेबांनी बायकांकडं बघितलं. बायकांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी टाय सोडला.

मग त्यांनी मुंबईला फोन लावला. मुंबईनं सांगितलं सिनेमा पुरा आहे. बाई म्हणाल्या, मुंबईला सांगा की मुंबईत तो तसा असेल. आण्णासाहेबांना तर घाम फुटला होता, शुक्रवारच्या बायका तुटल्या तर मीनाक्षी टॉकीजमध्ये कांदे साठवायची वेळ येणार. त्यांनी साहेबांचे हात धरले, काहीतरी करा, तेवढा शेवट काढा. साहेबांनी पुन्हा कुलूप, किल्ली, केस सगळं सांगितलं. शेवटी टेकीला येऊन म्हणाले, फार तर एसटी गेली की मशिन बंद करता येईल. पण ते आपोआप नाही होणार. नेमकी कुठं बंद करायची ते माहीत असलेलं कुणीतरी शेजारी बसायला हवं.

"म्हणजे माणूस लागतो," बाई म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले. बारीक आवाजात म्हणाले, पण टॉकीजच्या पत्र्यापर्यंत ऐकू गेलं.

आण्णासाहेबांनी तिथल्या तिथं निकाल दिला. केरबानं उद्यापासून केबिनमध्ये बसायचं आणि मशिन थांबवायचं. असं झालं बघा. सिनेमा चालवायला माणूस नको म्हणून आणलेलं ते यंत्र, त्याला थांबवायला एक माणूस पगारावर ठेवावा लागला. साहेबांनी ते कागदावर कसं लिहिलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्या क्षणी हे बघण्यासारखे दिसत होते. चोर म्हणून जिना उतरायच्या तयारीनं उठलेला माणूस, त्याला जिना चढायला सांगितलं तर दिशाच कळेना. मी ढकललं तेव्हा गेले.

बायका पांगल्या. कलावतीबाईंची जीप बाहेर उभी होती, पण बाई माझ्या दरवाजाशी रेंगाळल्या. मी आपणहून सहाच्या एसटीची कथा काढली. गाडी कशी चुकायची, बायका कशा स्टँडवर रात्र काढायच्या, एकदा तर स्टँडवर बिबट्या आला आणि बायकांनी त्यालाच राखणीला बसवलं, असं सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "अक्का, मी तेव्हा लागोपाठ चार दिवस आले होते. आठवतं?"

मला आठवत होतं. कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. खेळ संपला तरी उठायची नाही, मला हात धरून उठवावं लागायचं. बुधवारी तिनं मला विचारलं होतं की टॉकीजमागच्या विहिरीला पाणी किती आहे. तोंडावर काही नव्हतं, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हटलं गुडघाभर, म्हशी धुतात तिथं. विहीर पाच पुरुष खोल होती.

"सोमवारी मेली ती," बाई म्हणाल्या. "मंगळवारी मेली. बुधवारीही मेली, आणि सासू म्हणाली सोनं झालं. गुरुवारी एसटीत बसली ती आलीच नाही. मी अडाणी होते अक्का, आंधळी नव्हते. मला कळलं की वर जाऊन कुणीतरी कात्री चालवलीय. म्हटलं, एवढ्या मोठ्या सिनेमाचा शेवट कापता येतो, तर माझा काय एवढा पक्का लागून गेलाय."

"म्हणजे मघाशी साहेबांसमोर..."

"खोटं बोलले. तीनशे बायका साक्षीला घेऊन." बाईंनी पदर नीट केला. "सत्तावीस वर्षं विचारायचं राहिलं. कात्री केरबामामांची ना?"

मी म्हटलं, हो, त्यांचीच.

"केरबामामांची? त्यांना स्वतःची नखं काढायची तरी ते मालकांची परवानगी मागतील."

आता काय सांगणार. बुधवारी तीनचा खेळ सुटला आणि साडेसहाचा लागायच्या आत मी केबिनमध्ये गेले होते. ह्यांना म्हटलं शेवट काढा. हे म्हणाले, सिनेमा आपला नाही. मी म्हटलं, पोरगी तरी कुणाची आहे. हे ऐकेनात, तेव्हा मी ह्यांना चहा आणायला खाली धाडलं. हे वर आले तेव्हा अकरा मिनिटं जमिनीवर माझ्या पायांत गुंतली होती. ह्यांनी कप खाली ठेवला आणि एसटीच्या धुळीला 'समाप्त'ची पट्टी चिकटवून दिली. कापलं मी. जोडलं त्यांनी. पुढं दरवर्षी हे स्वतःच तुकडा काढून ठेवायचे, मला सांगायचेही नाहीत.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, आणि त्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बाई जीपमध्ये बसल्या. तेवढ्यात हे जिन्यावरून धापा टाकत खाली आले, चेहऱ्यावर नवी काळजी. पुढच्या आठवड्यात सिनेमा बदलणार, नवा लागणार, आणि नव्या सिनेमात नेमकं कुठं थांबवायचं ते मालकांनी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी बाईंना विचारलं, की ते कुणाला विचारायचं.

"आधी अक्कांना दाखवा," बाई म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.